टाकीतली मंडळी

“आज चहाला कसला तरी वास येतोय,” सरनोबतसाहेब म्हणाले आणि त्यांनी कप खाली ठेवला.

तस्नीमने आपला कप हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या घरात कशालाही वास आला की सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहायचं, असा रिवाजच पडला होता. मीही हुंगून पाहिलं. वास अगदी पुसट होता, घोड्यांच्या तबेल्यावरून जाताना येतो तसा. दूधपावडर जुनी झाली असेल, असं मी म्हणाले खरी, पण कप बाजूला सरकवला.

कारण चहाचं ते पाणी आठवड्यापूर्वी आमच्याच अंगातून निघालेलं होतं. लघवी, अंघोळीचं पाणी, भांडी विसळलेलं पाणी, सगळं एका टाकीत जायचं आणि तिथून स्वच्छ होऊन पुन्हा आमच्या पेल्यात यायचं. हे ऐकून लोक आजही नाक मुरडतात. मी त्यांना विचारते, नदीचं पाणी तुम्हाला काय कोरं करकरीत मिळतं का? यावर ते नुसते हसतात आणि विषय बदलतात.

जतच्या उजाड माळावर आमच्या संस्थेनं ते घर बांधलं होतं. तिघांनी सहा महिने दार बंद करून आत राहायचं, आपण मंगळाच्या वाटेवर आहोत असं समजून. बाहेरून पाणी नाही, भाजीची काडी नाही, माणूस तर नाहीच. बाहेरच्या जगाशी संबंध एका माइकपुरता, आणि माइकच्या पलीकडे आमच्या प्रमुख शेणोलीकर बाई. सरनोबतसाहेब हवाई दलातून निवृत्त झालेले, मूळचे कोल्हापूरचे. घराची शिस्त त्यांच्याकडे. तस्नीम मुजावर मिरजेची, झाडांची अभ्यासक. पुढे खरं यान जाईल तेव्हा त्यात जाणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव पक्कं मानलं जात होतं. आणि मी शरयू, टाकीवाली.

टाकीत माझे जिवाणू होते. मी त्यांना मंडळी म्हणायचे. लघवीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. मंडळी तो खातात आणि त्याचं झाडांना चालेल असं खत करतात. मग झाडं ते पितात आणि उरलेलं पाणी गाळून आपण. एवढंच काम, पण ते करणारी जात फार नाजूक आणि वाढायला फार आळशी. मी आठ वर्षं खपून तिची निवडक, एकदम शुद्ध पैदास केली होती. लग्नाला उभी राहिले नाही म्हणून आई माझ्याशी भांडायची, तेव्हा मी तिला सांगायचे की माझं खटलं फार मोठं आहे, सगळी मंडळी माझ्याच जिवावर आहेत.

पाण्यातला अमोनिया ठरलेल्या रेषेवर गेला की दार उघडायचं आणि चाचणी तिथेच संपवायची, असा करार होता. तसं झालं असतं तर यानात टाकीऐवजी पाणी उकळून गाळणारं एक अगडबंब यंत्र गेलं असतं. यंत्रवाले बाहेर वाटच पाहत होते. यान काय, कधी ना कधी गेलंच असतं, पण माझी मंडळी जमिनीवरच राहिली असती आणि मला दुसरं काही येत नव्हतं.

चहा तसाच टाकून मी टाकीकडे गेले. अमोनिया वाढला होता. दुसऱ्या दिवशी आणखी वाढला. जपून ठेवलेल्या राखीव मंडळींतली बहुतेक मी टाकीत ओतली. दोन दिवसांत तीही गप्प झाली, तेव्हा मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. मंडळी आजारी पडलेली नव्हती. त्यांना कोणीतरी मारत होतं.

मग मी दोघांच्या मागेच लागले. कोणी औषध घेतलंय का? माणसानं घेतलेलं औषध लघवीतून टाकीत उतरतं आणि एकाच्या घशासाठी घेतलेली गोळी मंडळींच्या मुळावर येते. सरनोबतसाहेबांनी कानावर हात ठेवले. तस्नीमने, मी विचारलंही नव्हतं तरी, आपली औषधाची पेटी आणून माझ्यापुढे उघडली. मग साबण झाला, दंतमंजन झालं, केसांचं तेल झालं. सरनोबतसाहेबांनी एकदा थंडपणे विचारलं की आता आम्ही अंघोळ करावी की तुमची परवानगी येईपर्यंत थांबावं. मी थांबा म्हणाले. ते थांबलेही, आणि त्याचा पश्चात्ताप आम्हा तिघांनाही झाला.

खरं सांगायचं तर भीतीच्या खाली मला एक मजाही वाटत होती. दाराला सील, माणसं तीन, वस्तू मोजक्या, आणि तरी आत काहीतरी शिरलंय जे माझ्या मंडळींना मारतंय आणि आम्हाला काही करत नाही. असं काय असेल? मी जेवताना त्याच विचारात असायचे. तस्नीम म्हणायची, ताई, घास तरी खाली बघून घे.

शेवटी मला साधी गोष्ट सुचली. एक दिवस कोणीच काही मोरीत ओतायचं नाही. अंघोळीचं पाणी एका डब्यात, कपड्यांचं दुसऱ्यात, सकाळच्या भांड्यांचं तिसऱ्यात, रात्रीच्या भांड्यांचं चौथ्यात. प्रत्येक डब्यातलं थोडं पाणी घेऊन मी त्यात उरलेल्या धडधाकट मंडळींचा एकेक थेंब सोडला आणि काय होतंय ते पाहत बसले. तीन डब्यांत मंडळी नेहमीसारखी कामाला लागली. सकाळच्या भांड्यांच्या पाण्यात एकही हलेना.

सकाळची भांडी म्हणजे तीन कप, एक पातेलं आणि चहाची गाळणी. ती घासायची पाळी सरनोबतसाहेबांची होती, आणि तीसुद्धा त्यांनी स्वतःहून मागून घेतलेली.

मी त्यांना म्हटलं, उद्या तुम्ही घासताना मी शेजारी उभी राहते. ते म्हणाले, खुशाल राहा. दुसऱ्या दिवशी त्यांनी कप घासले, पातेलं घासलं, गाळणी आपटली. मग आपल्या खोलीत जाऊन तांब्याचा गडू घेऊन आले. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी उठल्याबरोबर अनशापोटी प्यायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं व्रत होतं. घरात येताना प्रत्येकाला एक आवडती वस्तू आणायची मुभा होती. त्यांनी गडू आणला होता. त्यांनी आमटीतून उरलेला चिंचेचा चोथा घेतला, वर मिठाची चिमूट टाकली आणि गडू आतून-बाहेरून घासायला सुरुवात केली. घासता घासता गडूचा रंग उजळत गेला आणि हातावरून ओघळणारं पाणी मळकट हिरवं होत गेलं. ते पाणी मोरीतून सरळ माझ्या टाकीत जात होतं.

“रोज घासता?” मी विचारलं.

“रोज. आत कळंक राहिला तर पोटात जाईल, असं ही म्हणते. निघताना शपथ घातलीय तिनं.”

ताक तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवलं की कळकतं, हे माझ्या आजोळी सहा वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं. चार महिने रोज थोडं थोडं तांबं चिंचेच्या पाण्यात उतरून टाकीत जमत होतं. बाहेरच्या जगात ते ओढ्याला मिळालं असतं आणि कोणाला पत्ताही लागला नसता. आमच्या घरात वाहून जायला जागाच नव्हती. जे मोरीत पडलं ते आमच्यातच राहिलं.

आणि आम्हा इतक्या शिकल्या-सवरलेल्या माणसांपैकी एकालाही शंका आली नव्हती. गडूचं वजन केलं होतं, तो पेट घेणार नाही याची खात्री केली होती. शेणोलीकर बाई तर तो हातात घेऊन म्हणाल्या होत्या की वा, तांब्यातलं पाणी फार चांगलं, त्यानं जंतू मरतात. मीही मान डोलावली होती. जंतू मरतात म्हणूनच तर आपण पितो. जंतूंच्या जिवावर चाललेल्या घरात तो घेऊन जाताना कोणाच्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले नाहीत.

सरनोबतसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला गडू उपडा करून ठेवला. एरवी ते इतकं छापील मराठी बोलायचे की मी त्यांना चिडवायचे. त्या वेळी मात्र त्यांची भाषा थेट गावाकडे गेली.

“चार म्हैने घासतोय की गं,” ते म्हणाले. “एक दिस चुकवला न्हाई. आता हिला काय सांगू मी?”

मला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण ते काही जमलं नाही.

मोरीत गडू घासणं बंद झालं. टाकीच्या तळाचा गाळ उपसून आम्ही डब्यांत बंद केला, घरातच साठवलेलं राखीव पाणी भरलं. पण टाकीत आता काम करायला मंडळीच उरली नव्हती. जी चार टाळकी शिल्लक होती ती वाढून पूर्ववत व्हायला महिने लागले असते आणि अमोनिया रेषेला आठवड्याभरात शिवणार होता. बाहेर माझ्या प्रयोगशाळेत त्याच मंडळींच्या बाटल्याच्या बाटल्या भरलेल्या होत्या, भिंतीपलीकडे, हाकेच्या अंतरावर. पण बाहेरून एक बाटली आत आली तरी चाचणी फसली असंच धरलं जाणार होतं, आणि ते बरोबरच होतं. यानात बाटली कोण आणून देणार?

त्या दिवशी जेवताना सरनोबतसाहेब मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की आमच्याकडे दही बिघडलं की शेजारच्या घरून चमचाभर विरजण आणतात.

“इथे शेजारी कोण आहे?” मी खेकसले. त्यांनी बिचाऱ्यांनी मान खाली घातली आणि भात कालवत राहिले. तस्नीम ताटावरून न जेवताच उठली. मला वाटलं, माझ्या आवाजाला कंटाळली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टाकीपाशी आली. तिच्या ओंजळीत तिच्या वाफ्यातली माती होती.

“ताई, शेजारी आहे,” ती म्हणाली.

मला काही कळेना. तिच्या वाफ्यातली माती मेलेली होती. तोच तर तिचा प्रयोग होता. मंगळावर माती म्हणजे नुसती निर्जीव धूळ, म्हणून इथली माती भट्टीत भाजून, तिच्यातला जीवन् जीव मारून मगच आत आणलेली. अशा मातीत माझ्या टाकीचं पाणी घालून मेथी, टोमॅटो येतात का, हे तिला पाहायचं होतं. आणि ते आले होते, कोणी कल्पना केली नव्हती इतके फोफावून आले होते. बाहेर तिचं कौतुक चाललं होतं. यादीत तिचं नाव पक्कं झालं होतं ते याच मेथीच्या जोरावर.

“ही मेलेली नाही,” तस्नीम म्हणाली. “येताना अम्मीच्या मोगऱ्याच्या कुंडीतली मूठभर सोबत आणली होती, ती यात घातलीय मी. आमच्याकडे नवी कुंडी भरली की जुन्या कुंडीतली मूठभर घालतातच. आल्या आल्या घातलीसुद्धा नव्हती. बी उगवायचं आणि मान टाकायचं. तीनदा झालं तसं. मग मला बघवेना.”

“आणि बाहेर सांगितलं नाहीस.”

“नाही सांगितलं.”

मी तिला काही बोलण्याआधी माझे हात कामाला लागले होते, एवढं मला आठवतं. पेल्यात टाकीचं नासकं पाणी घेतलं, त्यात तिची चिमूटभर माती ढवळली आणि ठेवून दिलं. तिच्या वाफ्यालाही टाकीचंच पाणी जात होतं, म्हणजे तांबं तिथेही पोचलंच असणार. मग त्या मातीतली मंडळी जिवंत कशी राहिली? तस्नीम म्हणाली, मातीनंच ते धरून ठेवलं असेल, माती असली लफडी पोटात घालते. आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या दर थोड्या वेळानं त्या पेल्यात डोकावत होतो. दुसऱ्या दिवशी पेल्यातला अमोनिया उतरला. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी उतरला. माझी आठ वर्षं निवडलेली, शुद्ध, घराणेदार मंडळी जिथे आडवी झाली होती, तिथे मिरजेच्या कुंडीतली गावंढळ मंडळी पंगतीला बसल्यासारखी जेवत होती. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी मत्सरही वाटला. दोन्ही अगदी सारखेच.

टाकीला चिमूटभर पुरणार नव्हती. सगळा वाफा लागणार होता. तस्नीमने स्वतःच्या हातानं झाडं उपटली. मुळांची मातीसुद्धा झटकून झटकून टाकीत घेतली. टोमॅटो अजून हिरवे होते. आम्ही त्यांची चटणी केली आणि मेथीची परतून भाजी. सरनोबतसाहेब म्हणाले की भाजी फार छान झालीय. तस्नीम हो म्हणाली आणि दोनदा वाढून घेतली.

अमोनिया रेषेला जवळजवळ टेकला आणि तिथे थांबला. मग घसरायला लागला. चहा पुन्हा चहासारखा लागला त्या सकाळी सरनोबतसाहेबांनी कप उंच धरला आणि आम्ही तिघंही खुळ्यासारखे हसलो.

आता बाहेर सांगायचं होतं. टाकी बिघडल्याचं आणि गडूचं त्यांना कळलं होतं; सरनोबतसाहेबांनी स्वतः, आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. टाकी सुधारली कशी, हे मात्र कोणी बोललं नव्हतं. मी तस्नीमला म्हटलं, माझी राखीव मंडळी उशिरा का होईना जगली, असं मी सांगते. कोणी शंका घेणार नाही. तुझा वाफा रोगानं गेला म्हणू.

तिला मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही, तो तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

“मग यानात ते तुझीच मंडळी नेतील,” ती म्हणाली. “एकटी. आणि तिथे वाटेत ती मेली तर? त्या लोकांना शेजारी नसेल, ताई. आणि शेजारी लागतो, हे त्यांना माहीतसुद्धा नसेल.”

बाहेर खरं बोलायचं म्हणजे तिचा प्रयोग खोटा होता हे सांगायचं, आणि माझी आठ वर्षांची पैदास मूठभर मातीपुढे टिकली नाही, हेही सांगायचं. मी इतका वेळ फक्त तिच्यावर दया दाखवत होते असा माझा समज होता.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे उगीच आशा नको. यान गेलं, टाकी घेऊन गेलं, आणि तिच्यात दोन्ही मंडळी होती, माझी आणि तिची. ते अजून वाटेत आहे आणि त्यातली माणसं त्याच टाकीचं पाणी पितात. तस्नीम त्यात नाही. तिचा प्रयोग रद्द झाला, यादीतून नाव गेलं. ती आज मिरजेला कॉलेजात शिकवते, आणि आकाशाकडे बोट दाखवून कोणी तिला काही विचारलं की विषय बदलते. मला त्याचं वाईट वाटतं, अजूनही.

पण त्या दिवशी माइकपाशी ती ताठ उभी होती. एका बाजूला सरनोबतसाहेब, दुसऱ्या बाजूला मी. तिनं सगळं क्रमानं सांगितलं, काही लपवलं नाही आणि माफीही मागितली नाही. मग मी माझ्या मंडळींचं सांगितलं. ते मला तिच्याइतकं सरळ जमलं नाही.

पलीकडे शेणोलीकर बाई ऐकत होत्या. बाई रागीट म्हणून प्रसिद्ध होत्या आणि नियमाच्या पक्क्या.

“तुझं काम रद्द होईल, तस्नीम,” त्या म्हणाल्या. “यादीतलं नावही. मला दुसरं काही करता येणार नाही.”

“माहीत आहे, बाई.”

सरनोबतसाहेबांनी तस्नीमच्या खांद्यावर हात ठेवला. मग बाईंचा आवाज पुन्हा आला, आणि तो मी कधी ऐकला नव्हता असा होता, काहीतरी नवीन दिसलं की शाळेतल्या मुलीचा होतो तसा.

“ती कुंडी अजून आहे का गं तुझ्या आईकडे?”

तस्नीमचे डोळे भरून आले. तिनं ते मनगटानं पुसले.

“आहे,” ती म्हणाली. “पण अम्मी कुंडी नाही देणार, बाई. मूठभर माती देईल. तेवढी पुरते.”